दहा बाय बाराच्या खोलीतलं गोदाम

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये आणि पहिल्या दिवशीचा माल होता चार पाकिटं. ‘लिज्जत’ची ही सुरुवात बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर आलेल्या पावसाळ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. गच्चीवर ऊन मिळेना, पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा. त्या पावसाळ्यात काम थांबलं नाही.

घरगुती धंद्यात माल कसा आणि कुठे राखायचा, या प्रश्नाला गिरगावाने शोधलेलं हे एक जुनं उत्तर. (आज गॅसची शेगडी आणि पुठ्ठ्याची खोकी एकाच खोलीत असतात, तेव्हा हा प्रयोग कुणी पुन्हा करू नये, हे सांगून ठेवलेलं बरं.) पण खाटेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या बायकांची वही. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख ऊर्फ छगनबाप्पांनी त्यांना पहिल्यापासून हिशेब चोख ठेवायला लावला. म्हणूनच पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली, हा आकडा आजही सांगता येतो. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटले जात. पुढे व्याप वाढला तशी पद्धतही पक्की झाली. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी परत आणायचे, ते तोलून आणि तपासून घ्यायचे आणि लाटणावळ द्यायची. नवी सभासद, म्हणजे लिज्जतच्या भाषेत नवी ‘बहीण’, दाखल होताना तिच्या घरी पापड लाटायला आणि ठेवायला स्वच्छ जागा आहे का, हे पाहिलं जातं. जागा नसेल तर तिला लाटण्याऐवजी दुसरं काम मिळतं.

फोनवरून साड्या, मसाले, दागिने किंवा फराळ विकणाऱ्या आजच्या घरगुती विक्रेत्यांना रॅक आणि अ‍ॅप यांची चिंता आधी पडते. तोलून घेणं आणि लिहून ठेवणं या दोन गोष्टी मागे राहतात. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या घरांत तर जागा विकत घेऊन प्रश्न सोडवण्याची सोयच नाही. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा आणि कोपऱ्यात मोरी. टॉवरमधल्या नव्या घरातही कपाटांनंतर उरते ती एखादी भिंत. इतक्या जागेत माल बसवायचा तर कोणता माल किती आहे आणि तो आणखी किती दिवस इथे राहणार, हे आधी कळायला हवं. ते कळलं की निम्मी खोकी मुळात आणायचीच नव्हती, असं लक्षात येतं.

कुठे ठेवायचं

जागेचा पहिला नियम सोपा आहे. धंद्याचा माल आणि घरचं सामान एका फळीवर ठेवायचं नाही. फळी लहान असली तरी चालेल, पण ती पूर्ण धंद्याची हवी. लाडवांसाठी आणलेल्या तुपातून घरच्या वरणभातावर एक चमचा गेला तर कुणी पाप मानत नाही. महिन्याच्या शेवटी मात्र तूप कुठे मुरलं ते कुणालाच सांगता येत नाही आणि लाडवाचा भाव चुकीचा निघतो.

दुसरी गोष्ट वासाची. कापड आणि मसाला यांना एका पोटमाळ्यावर एकत्र नांदवू नये. मालवणी मसाल्याचा वास सुती साडीत महिनोन्‌महिने राहतो आणि नाशिकच्या गिऱ्हाइकाने पार्सल उघडलं की साडीच्या आधी मसालाच स्वागताला येतो. डांबराच्या गोळ्यांचं तर खाण्याच्या वस्तूंशी हाडवैर. कपड्यांत त्या घालायच्याच असतील तर खाण्याचा माल दुसऱ्या टोकाला हवा. जरीच्या साड्या प्लास्टिकमध्ये कोंडण्यापेक्षा मलमलच्या कापडात गुंडाळाव्यात आणि मधूनमधून घडी बदलावी. एकाच घडीवर वर्षभर पडून राहिलेली साडी तिथेच विरते. भुलेश्वरहून आणलेले इमिटेशनचे दागिने दमट हवेत काळवंडतात. त्यांना एकेकाची वेगळी झिप पाकिटं आणि आत सिलिका जेलची पुडी पुरते.

मोरीला लागून असलेली भिंत आणि बाहेरच्या बाजूची ओल येणारी भिंत या दोन्हींपासून माल हातभर लांब असावा. जमिनीवर काहीच नको. लाकडी पाट, विटा किंवा फळकुटं, जे मिळेल त्यावर खोकी चढवावीत. जड आणि रोज लागणारा माल कमरेच्या उंचीवर, हलका आणि क्वचित लागणारा वर. पोटमाळ्यावर काय चढवलं त्याची यादी शिडीजवळच्या भिंतीवर चिकटवली तर दर वेळी सगळी खोकी उतरवावी लागत नाहीत.

चाळीची गॅलरी आणि जिना ही अनेकांना फुकटची जागा वाटते. ती वाट सगळ्यांची आहे. आग लागली तर पुठ्ठा, बबल रॅप आणि थर्माकोल भराभर पेटतात आणि बाहेर पडायची वाटच बंद होते. दिवाळीच्या आठवड्यात, म्हणजे पार्सलांचा ढीग सर्वांत मोठा असतो तेव्हाच, समोरच्या चौकात फटाकेही वाजत असतात.

लालबागची मिरची, तीन रूपांत

एप्रिल-मे आला की लालबागच्या मसाला बाजारात मिरच्यांचे ढीग लागतात. रंगासाठी बेडगी आणि काश्मिरी, चवीला संकेश्वरी, तिखटपणासाठी लवंगी. शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री. वर्षाचा मसाला करून घेण्याची घरोघरची रीत आज अनेक बायकांचा धंदा झाली आहे. उन्हाळ्यात मसाला करायचा आणि वर्षभर पाव-पाव किलोच्या पाकिटांत फोनवरून विकायचा. साठ्याच्या दृष्टीने हा धंदा फार शिकवतो, कारण यात एकच माल तीन रूपांत घरात असतो. कच्ची मिरची, कुटून आलेला सुटा मसाला आणि भरलेली पाकिटं.

वहीत या तिन्हींची पानं वेगळी हवीत. बाजारातून १० किलो मिरची आणली तर १० किलो तिखट मिळत नाही. देठ जातात, उन्हात वजन घटतं, भाजताना घटतं, डंक्यावर थोडं राहतं. ही घट प्रत्येकीची आणि प्रत्येक मिरचीची वेगळी असते. दुसऱ्या कुणाचा आकडा धरण्यापेक्षा आपल्या पहिल्या घाण्याला चार वेळा वजन करावं. आणल्यावर, देठ काढल्यावर, भाजल्यावर आणि डंक्यावरून आल्यावर. त्यानंतर पुढच्या वर्षी अमुक इतकी पाकिटं हवी असतील तर किती मिरची उचलायची, ते बाजारात उभ्या उभ्या सांगता येतं. जिने हे केलेलं नसतं तिची मिरची एक तर डिसेंबरात संपते, नाही तर पुढच्या एप्रिलपर्यंत जुना मसाला उरतो आणि नव्या मसाल्याच्या वासापुढे तो विकला जात नाही.

सुट्या मसाल्याला हवा, ओल आणि उजेड तिन्ही नकोत. जाड काचेची किंवा चिनीमातीची बरणी, तळाशी आणि मध्ये हिंगाचे खडे, तोंडावर घट्ट झाकण, ही आजीची पद्धत अजूनही चालते. मोठ्या बरणीत रोज हात घालण्यापेक्षा आठवड्याचा माल छोट्या डब्यात काढून घ्यावा आणि मोठी बरणी बंदच राहू द्यावी. प्रत्येक घाण्याला नंबर द्यावा. उदाहरणार्थ, ‘माम-०५-२’, म्हणजे मालवणी मसाला, मे महिना, दुसरा घाणा. हाच नंबर पाकिटावर आणि वहीत. एखाद्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की त्या घाण्याची उरलेली पाकिटं लगेच बाजूला काढता येतात, बाकीचा माल विकायला मोकळा राहतो.

जुनं पाकीट पुढे, नवं मागे. दुकानदाराच्या मुलाला हे शिकवावं लागत नाही, पण घरात नवा माल हाताशी येईल तसा पुढे ठेवला जातो आणि जुना भिंतीकडे सरकतो. खाण्याच्या मालात तर आधी संपणारी मुदत आधी बाहेर जायला हवी, मग तो केव्हाही आलेला असो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑनलाइन विक्रीच्या मंचांना सांगितलं, की माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेल तेव्हा त्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा संपण्याआधीचे ४५ दिवस शिल्लक असावेत. म्हणजे पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापलेली असली तरी विकायला तेवढा वेळ नसतो.

वहीची पानं

साठ्याच्या वहीत किती रकाने हवेत, याचं तयार उत्तर जीएसटीच्या नियमांतच आहे. नोंदणी झालेल्या विक्रेत्याने मालाच्या हिशेबात सुरुवातीची शिल्लक, आलेला माल, गेलेला माल, हरवलेला, चोरीला गेलेला, खराब झालेला, भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला आणि उरलेला माल दाखवायचा असतो. नोंदणी नसेल त्यांनीही हेच रकाने जसेच्या तसे उचलावेत. सरकारी नियम इतका उपयोगी क्वचितच असतो.

समजा, दादरमधल्या एका घरात हिंदमात्याच्या बाजारातून आणलेल्या सुती साड्या आहेत. महिन्याच्या एक तारखेला ४० होत्या, २५ नव्या आल्या, ३१ विकल्या, २ परत आल्या आणि १ ला डाग पडला. वहीप्रमाणे ३५ उरायला हव्यात. मोजल्या तर ३३ निघतात. मग घरात चौकशी सुरू होते. एक नणंदेच्या वाढदिवसाला गेली. एक फोटो काढायला शेजारच्या मुलीला नेसवली ती तिच्याकडेच राहिली. चोरी कुणीच केलेली नाही, पण साडी ९०० रुपयांची असेल तर १,८०० रुपये वहीतून गायब आहेत. भेट आणि नमुना यांचा रकाना त्यासाठीच असतो. नणंदेला साडी खुशाल द्यावी आणि त्याच दिवशी लिहावी. नोंदणी असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की भेट दिलेल्या, हरवलेल्या किंवा खराब झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही.

सगळा माल एकाच दिवशी मोजायचा म्हटलं की ते काम पुढे ढकललं जातं. त्यापेक्षा दर आठवड्याला एक फळी मोजावी. सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत महाग माल महिन्यातून दोनदा, रिबिनी आणि टिकल्या तीन महिन्यांतून एकदा. पूर्ण मोजणी मात्र ३१ मार्चला हवीच. वर्षाचा नफा काढताना शिल्लक मालाची किंमत लागते आणि ती अंदाजे लिहिली तर नफाही अंदाजेच निघतो.

वही की फोन? एकच व्यक्ती विक्री करत असेल आणि दिवसाला चार-पाच पार्सलं जात असतील तर कागदी वही पुरते. घरातली दोन माणसं ऑर्डर घेऊ लागली की दोघांनाही दिसणारी गुगल शीट करावी. पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅपचा विचार त्यानंतर. कारण मोजणीची सवय नसलेल्या घरात अ‍ॅपमधले आकडेही खोटेच असतात.

“ताई, ही माझ्यासाठी ठेवा”

घरगुती विक्रीत सर्वाधिक भांडणं होतात ती एकच नग दोघींना विकल्यामुळे. इन्स्टाग्रामवर फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस आणि तोच माल एखाद्या विक्री मंचावरही. साडी एकच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर एकीचा निरोप येतो, “ताई, ही माझ्यासाठी ठेवा, संध्याकाळी पैसे पाठवते.” दुपारी दुसरी थेट पैसे भरून मोकळी होते.

यावर उपाय म्हणजे मालाला दोनऐवजी तीन अवस्था देणं. शिल्लक, राखीव आणि गेला. राखीव मालाला मुदत घालावी, समजा त्याच रात्री नऊपर्यंत, आणि ती गिऱ्हाइकाला निरोपातच सांगावी. ओळखीच्या माणसाला असं सांगणं अवघड वाटतं, पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे परत करणं त्याहून अवघड. राखीव नग फळीवरून उचलून वेगळ्या टोपलीत ठेवावा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो मोकळा दिसत नाही. विक्री मंचावर शिल्लक दाखवताना सगळा माल कधीच दाखवू नये. दहा असतील तर आठ दाखवावेत. मंचावरची ऑर्डर रद्द केली की विक्रेत्याची पत घसरते. व्हॉट्सअ‍ॅपवर निदान माफी तरी मागता येते.

परत आलेल्या मालालाही वेगळी जागा हवी. पार्सल आलं त्याच दिवशी उघडून तपासावं, उघडताना चित्रीकरण करावं, आणि विकण्याजोगं असेल तरच फळीवर परत चढवावं. न उघडलेली परतीची पार्सलं दाराशी साठवणं हा अनेक घरांतला रोग आहे. त्यात पैसेही अडकतात आणि चपला ठेवायची जागाही.

नवा माल केव्हा मागवायचा, याचा हिशेब पाचवी-सहावीच्या गणिताचा आहे. मसाल्याची रोज ४ पाकिटं जातात आणि नवा घाणा तयार व्हायला ६ दिवस लागतात, तर २४ पाकिटं तेवढ्या काळाची. वर तीन दिवसांची, म्हणजे १२ पाकिटं, हाताशी ठेवावीत. ३६ वर आकडा आला की कामाला लागायचं. सणांना हे गणित चालत नाही. गणपतीच्या सजावटीचा माल चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ बिनकामाचा होतो आणि पुढच्या वर्षी रंग आणि फॅशन दोन्ही बदललेल्या असतात. तिथे थोडा कमीच माल घ्यावा आणि शेवटच्या दोन दिवसांत ‘संपलं’ म्हणायची तयारी ठेवावी. फराळाला तर साठा नकोच. आगाऊ पैसे घेऊन, तारखेप्रमाणे तळून पाठवणं परवडतं. चकली आठवड्यात मऊ पडू लागते, करंजीतलं खोबरं खवट होतं आणि परदेशी जाणाऱ्या खोक्याला वाटेत किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो.

खोक्यांचाही साठा असतो आणि तो बहुतेक वह्यांत नसतो. बहुतेक कुरियर कंपन्या खऱ्या वजनाबरोबर आकाराचंही वजन काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५,००० ने भागायचं आणि दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात एक किलो चिवडा भरला तर पैसे तीन किलोचे पडतात. तीनच मापांची खोकी ठेवावीत, माल त्यांत बसेल असा बांधावा आणि उरलेली खोकी चपटी करून कपाटामागे सरकवावीत.

कागद आणि पाणी

खाण्याचा माल विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी हवी आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवा. सोबत घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, मुदत, घाण्याचा नंबर आणि शाकाहारी-मांसाहारीची खूण. जीएसटीच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना थोडी मोकळीक मिळाली आहे. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच विकायचा असेल, तर विक्री मंचावर जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांकावर विकता येतं. परराज्यात करपात्र माल पाठवायचा तर नोंदणी लागते, हस्तकलेच्या काही वस्तू सोडून. नोंदणी असेल आणि माल बहिणीच्या परळच्या घरी ठेवला जात असेल, तर तो पत्ता ‘अतिरिक्त व्यवसाय स्थळ’ म्हणून दाखवावा लागतो. आपल्या बाबतीत नेमकं काय लागू होतं, ते एकदा सीएला विचारून घ्यावं.

हिंदमात्याला पाणी भरणं ही मुंबईची दरवर्षीची बातमी. महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात त्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्या, तरी तळमजल्यावर राहणाऱ्याने त्यांच्या भरवशावर जमिनीवर खोकी ठेवू नयेत. मेच्या शेवटी सगळा माल निदान दोन फूट उचलावा. वरच्या मजल्यावर पाण्याचा धोका छपरातून आणि खिडकीतून असतो, तिथे पोटमाळ्यावरच्या मालावर प्लास्टिक हवं.

घराचा नेहमीचा विमा घरातल्या सामानाचा असतो, विकायला आणलेल्या मालाची भरपाई त्यात गृहीत धरू नये. लहान धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एकूण मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्यांना ती घेता येते आणि त्यात मालाचा साठाही धरता येतो. घरातून चालणारा धंदा आहे, हे पॉलिसी घेतानाच लेखी सांगावं. नुकसान झालं तर पाहणीला येणारा सर्व्हेअर खरेदीची बिलं आणि साठ्याची नोंद मागतो. पाणी घरात शिरलं तर माल भिजतो तशी वहीही भिजते. म्हणून दर महिन्याच्या शेवटी वहीच्या पानांचे आणि बिलांचे फोटो काढून ते ईमेलवर पाठवून ठेवावेत.